क्षयाचं कारण

अमेरिकेत मॉरिसव्हिलला मुलाकडे आम्ही जेवायला बसलो होतो. नात अनन्या मुंबईतल्या एका जुन्या कामगारवस्तीतल्या क्षयरोगावर रिसर्च करते.

"आजोबा, तुम्ही तिथेच वाढलात ना? नाइन्टीन फिफ्टीमध्ये बायका-पुरुषांच्या केसेस सारख्याच, मग डेथ्स बायकांच्या जास्त कशा?"

"कोंदट खोल्या, ओल, धूर..." वाचलेलं सगळं मी चाचरत सांगितलं.

"पण खोली तर दोघांची सेमच होती!"

तेवढ्यात माझ्या बायकोने, सरलाने, माझ्या ताटात गरम पोळी वाढली.

"अगं, तूही बस ना आता," मी म्हणालो.

"तुमचं सगळ्यांचं होऊ दे. मागे उरेल त्यात माझं भागतं."



क्षयाने गेलेली माझी आईही रोज हेच म्हणायची, आणि आम्ही पुरुष पोटभर जेवायचो.