पक्कं नुकसान

"खरा की खोटा, एवढंच सांग," पुष्कर म्हणाला. "बाकीचं मी लिहितो."

स्मृतीच्या पडद्यावर एक जळका रणगाडा होता. दूरच्या एका युद्धात आदल्या दिवशी ड्रोनने तो उडवला होता, आणि मग वर घिरट्या घालून त्याचा फोटोही काढला होता. एचएसआर लेआउटमधल्या या ऑफिसात दिवसभर हेच चाले. कोणाचे किती रणगाडे गेले, किती ट्रक गेले, ते फोटो पाहून पक्कं करायचं. माणसं किती गेली हे कोणालाच पक्कं करता येत नसे, म्हणून ती मोजायचीच नाहीत. थापा मारण्यात लढणाऱ्या दोन्ही बाजूंचा हात कोणी धरला नसता. इतकं, की त्यांचे अधिकारीसुद्धा आपल्या माणसांवर भरवसा न ठेवता ही बंगळुरातली नोंद उघडून बघत. त्यात लाकडापत्र्याचे खोटे रणगाडे उभे करायची नवी टूम निघाली होती. ते ओळखण्यात स्मृतीची नजर तयार. तिने एकदा सांगितलं की पुष्कर पुन्हा विचारत नसे.

त्या युद्धात तिचा अण्णा होता, हे मात्र तिने ऑफिसात कोणालाच सांगितलं नव्हतं.

अण्णा म्हणजे रघुपती, तिचा थोरला भाऊ. बनशंकरीत त्याचा मंडपाचा धंदा. लग्न असो की गणपती, चार बांबू आणि कापड हाती दिलं की तो राजवाडा उभा करी. परदेशात प्रदर्शनाचे सेट बांधायचं काम आहे, असं सांगून एका एजंटाने त्याला नेलं आणि पोचताच त्याच्या अंगावर लष्कराचा गणवेश चढला. शेवटचा फोन त्याने घाईतच केला होता. "काळजी नको करू ग. माझं काम मंडपाचंच आहे. ज्यांना हे येत नाही त्यांना बंदूक देऊन पुढे पाठवतात." त्यानंतर फोन बंद. युद्धात कसला आलाय मंडप, अण्णा आपली समजूत घालत होता, असंच स्मृती धरून चालली होती. ती घरी पोचली की आई रोज दारातच विचारी, "अण्णाचं स्वल्प तरी कळलं का ग?" आणि जगाचे रणगाडे मोजणारी ही पोर मान खाली घालून चपला काढी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तिने फोटो मोठा केला. स्फोटाने रणगाड्याची एक बाजू फाटली होती. आत एक खांब उभा होता, काजळी धरलेला. त्याच्या वरच्या टोकाला पिवळ्या फडक्याची पुरचुंडी बांधलेली होती आणि तिच्यावर तांबडी बोटं ओढलेली होती.

मुहूर्तमेढ! पहिला खांब रोवला की त्याला हळदीच्या फडक्यात सुपारी बांधायची, कुंकू लावायचं, हात जोडायचे, मगच दुसऱ्या खांबाला हात घालायचा. अण्णा हे कधी चुकवत नसे. एका पुढाऱ्याच्या सभेच्या मंडपालाही त्याने मेढ पुजली होती आणि उशीर केला म्हणून बोलणी खाल्ली होती. जाताना आईने त्याच्या बॅगेत हळदकुंकवाच्या पुड्या घातल्या होत्या. वेड्याने त्या खोट्या रणगाड्याला वाहिल्या! फडकं अजून पिवळंधमक होतं. म्हणजे हे सोंग अगदी नुकतं उभं राहिलं होतं. म्हणजे अण्णा जिवंत होता. स्मृतीचा जीव भांड्यात पडला. डोळे भरून आले, तशी ती पाण्याची बाटली तोंडाला लावून बसली.

"ते यलो काय आहे?" पुष्कर मागून वाकून बघत होता. "युनिटची खूण का?" पुष्कर पुण्याचा, पण त्याच्या घरची सगळी लग्नं एसी हॉलमध्ये लागलेली. मेढ त्याच्या नाकासमोर रोवली असती तरी त्याने ओळखली नसती.

"आणि आतला तो खांब? लाकूड असेल तर सांग हं. डमी असेल तर सॉलिड स्टोरी आहे. फोटो मोठा टाकू, डमी कशी ओळखायची ते बाण काढून दाखवू. मग यांची एकही डमी खपायची नाही."

डमी खपल्या नाहीत तर डमी बांधणाऱ्याचा उपयोग काय? त्याच्या हातात बंदूक येईल आणि तो पुढे जाईल. अण्णाला घरातला उंदीर मारवत नसे. पिंजरा घेऊन तो सोडायला पार तळ्यापर्यंत जाई.

स्मृतीने आजवर एकही खोटी नोंद होऊ दिली नव्हती. त्यासाठी ती साहेबांशी भांडली होती, शिव्यांच्या मेल पचवल्या होत्या. खोटं बोलताना तिला वाईट वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही.

"लोखंड आहे," ती म्हणाली. "खरा रणगाडा. पिवळी ती युनिटची खूण."

पुष्करने मान डोलावली आणि नोंद टाकली.

ती जिन्यात गेली आणि तिने घरी फोन लावला. "आई, अण्णा आहे. कसं कळलं ते घरी येऊन सांगते. पण आहे."

पलीकडून बराच वेळ नुसते हुंदके आले. मग आई म्हणाली, "सरी, बरं झालं बाळा. देवापुढे दिवा लावते." एवढ्या महिन्यांत आईचा असा आवाज तिने ऐकला नव्हता.

ती डोळे पुसून जागेवर आली. पुष्कर अजून तोच फोटो बघत होता, खूश होता.

"बरं झालं पक्कं केलंस," तो म्हणाला. "डमी असावी म्हणून त्या ड्रोनवाल्यांनी कालपासून तिथला मारा थांबवला होता, त्यांच्याच चॅनेलवर वाचलं मी. आता आपली नोंद बघितली त्यांनी. कोपऱ्यात ती पत्र्याची शेड दिसते का? रणगाडा खरा, म्हणजे शेडमध्ये माणसं असणारच. आज संध्याकाळी शेड उडवतायत."