टाक्यांवर

डॉक्टरबाईंनी डबीचं झाकण उघडून वास घेतला. "यात काय काय घातलंय?"

"हिनेच बनवलंय," ताईने शेजारी बसलेल्या धाकट्या बहिणीकडे बोट दाखवलं. "बायका विचारतात, कुठल्या पार्लरला जातेस म्हणून. मी ताकास तूर लागू देत नाही."

धाकटी घरीच क्रीमं बनवून विकायची. एरवी हा प्रश्न कुणी विचारला की तिची कळी खुलायची. आज ती चाचरली. "कोरफड, बदामाचं तेल, सोयाबीनचा अर्क, लाल क्लोव्हर नावाच्या विलायती गवताच्या फुलांचा अर्क. सगळं झाडपाल्याचंच आहे, डॉक्टर."

"सोयाबीन आणि क्लोव्हर कशासाठी?"

"वयानुसार कातडी सुकते ना. त्याने भरून येते."

"का येते, माहीत आहे? त्यातली काही द्रव्यं इस्ट्रोजेनची नक्कल करतात. कातडीला वाटतं, तरुणपणातलं हार्मोन परत आलं." डॉक्टरबाईंनी डबी खाली ठेवली. "ताईंची कॅन्सरची गाठ त्याच हार्मोनवर पोसली होती. रोजची गोळी देतोय ती त्याचीच वाट अडवायला."

धाकटीने डबी आपल्याकडे ओढली. "पण कातडीतून आत कितीसं जाणार?"

"कदाचित अगदी नगण्य. मी खात्रीने नाही सांगू शकत. पण ते यांच्या अंगावर कशाला तपासून बघायचं? कुठे लावता?"

"चेहऱ्यालाच," धाकटी घाईघाईने म्हणाली. "मानेला जरासं."

ताईने मान खाली घातली. "छातीलाही लावते. टाक्यांवर. व्रण फिका पडलाय."

"अगं, मला कधी बोलली नाहीस."

"त्यात काय बोलायचं?"

डॉक्टरबाई ताईला तपासायला पडद्याआड घेऊन गेल्या. धाकटी खुर्चीतच बसून राहिली. आत डॉक्टरबाई ताईच्या नातवाची चौकशी करत होत्या, ताई त्याच्या खोड्या सांगत होती. मग बोलणं मध्येच तुटलं.

"ही गाठ तुम्हाला जाणवली होती?"

"हो. म्हणूनच आज आले."

धाकटीने टेबलाची कड घट्ट धरली. डॉक्टरबाई बाहेर आल्या, हात धुतले, चिठ्ठी लिहायला बसल्या. "टाक्यांखालची साधी गाठही असू शकते. सोनोग्राफी आत्ताच करून घेऊ." घाबरू नका, असं त्या काही म्हणाल्या नाहीत. धाकटी त्याचीच वाट बघत होती.

बाहेरच्या बाकावर बसल्यावर तिला राहवेना. "ताई, हे माझ्यामुळे तर..."

"गप बस." ताई समोरच्या बंद दाराकडे बघत होती. "ऑपरेशन झाल्यापासून मी अंघोळीतसुद्धा तिथे बघत नव्हते. हात लावायचा धीरच नव्हता. तुझं क्रीम लावायचं म्हणून पहिल्यांदा हात नेला. मग रोज लावता लावताच परवा ती गाठ हाताला लागली. नाहीतर कळलंच नसतं मला."

ती हे इतक्या सहज बोलली की धाकटीला थोडा धीर आला.

दार उघडलं. नर्सने आत बोलावलं. उठताना ताईने आधाराला हात पुढे केला. धाकटीने आपले तळवे कुर्त्याला पुसले, पुन्हा एकदा पुसले, आणि मग तो हात धरला.

तो बर्फासारखा गार होता.