उलटं वाळवण

“आता या घराला जगात कुणीच अडवू शकत न्हाई. जिल्हा दारात आला!” मलप्पांनी ओसरीवरून जाहीर केलं, उपरणं सावरलं, पायरी उतरायला पाय उचलला आणि तसाच मागं घेतला. अंगणभर सांडगे वाळत होते.

पसरलेलं अन्न ओलांडायचं नाही, हा त्या घराचा नेम. मागच्या दारी परस आणि परसाला बाभळीच्या काट्यांचं कुंपण. त्यामुळं वाळवण पडलं की ऊन उतरेपर्यंत सगळं घर ओसरीवर कैद. लातूर जिल्हा होऊन आठ महिने झाले होते. निलंग्याजवळच्या त्या गावात धड पाऊस पडून त्याहून जास्त.

सून शिवकांता ओसरीवर वाकळ शिवत होती. जुन्या लुगड्यांचे थर, कडेनं सुरू झालेला टाका, फिरत फिरत आत. वाकळ अशीच शिवतात. शिवणारी बाईही टाक्याबरोबर मध्ये सरकत जाते. तिच्या पोलक्यात घामानं मऊ झालेलं एक सरकारी पत्र होतं. लातूरला शिवणकामाचा वर्ग, मुदत सहा महिने, सोमवारी हजर व्हावे, न आल्यास जागा दुसरीला.

“मामा, सोमवारी लातूरला...”

“बाईमाणूस एकटी? जिल्ह्याच्या गावी?” मलप्पा दचकलेच. “सोबत कुनी असतं तर मी कशाला अडवलो असतो?”

“खरं हाय,” नवरा बसवराज म्हणाला. शेवटी जो बोलेल त्याचं बसवराजला पटायचं.

सासू पार्वतम्मानं तर वर मानही केली नाही. “आधी वाळवण. मग वाकळ. मग बघू.”

हे ‘मग बघू’ शिवकांता लग्नापासून ऐकत होती. त्यात बघितलं कुणीच काही नव्हतं.

यंदा परसातल्या विहिरीनं तळ दाखवला होता. पार्वतम्मानं हिरवं म्हणून जे उरलं होतं ते सगळं उपटलं. गवार, भेंडी, कारली, शेवटची वांगी. चिरलं, मीठ लावलं, वाळवलं, बरण्यांत भरलं. “सहा म्हयने पुरलं पायजे,” म्हणत भरतच राहिली. बरण्या संपल्या तेव्हा शेजारच्या गुणाबाईकडून दोन मागून आणल्या.

एवढ्यावर भागलं नाही. बरणीच्या तोंडाला बांधायच्या प्रत्येक फडक्यावर तिनं रंगीत दोऱ्यानं चित्र शिवायला काढलं. वांग्याच्या बरणीला वांगं, कारल्याच्या बरणीला काटेरी कारलं. भेंडी दोनदा उसवली, कारण ती मिरचीसारखी दिसत होती. इकडं शुक्रवार गेला. शनिवार गेला.

“आत्याबाई, बरणीत काय हाय ते आपल्याला ठाऊकच हाय की,” शिवकांता रडकुंडीला येऊन म्हणाली.

“वाकळीचं बघ. दोन मानसं मावली पायजेत.”

शिवकांतानं आणखी एक लुगडं जोडलं. वर्गाची आशा तिनं रविवारी संध्याकाळी सोडली आणि पत्राची घडी घालून सुईच्या डबीत ठेवली.

सोमवारी झुंजुमुंजू व्हायला वाकळीचा शेवटचा टाका पडला. पार्वतम्मा डाळीच्या वाटणाचं पातेलं घेऊन अंगणात उतरली. इतकी वर्षं ती फाटकापासून सांडगे घालत ओसरीकडं यायची आणि शेवटी घरातच अडकायची. आज तिनं पायरीपासून सुरुवात केली.

“शिवे, कपडे बांध. वाकळ घे, सुईची डबी घे आन् फाटकाजवळ हुबी ऱ्हा. लवकर, न्हाईतर आत ऱ्हाशील.”

मलप्पा दात घासत ओसरीवर आले तेव्हा शेवटचा सांडगा फाटकाशी पडत होता. दोघी फाटकाबाहेर होत्या.

“अगं ए! कुठं?”

“लातूरला. सून एकटी कशी जाईल? तुमीच म्हनलाव की, सोबत पायजे.”

“खरं हाय,” बसवराज मागून म्हणाला.

मलप्पांनी त्याच्याकडं पाहिलं. मग पाय उचलला, सांडग्यांकडं पाहिलं आणि पाय मागं घेतला. “आन् आमचं जेवन?”

“पीठ डब्यात हाय. बरन्यांवर चितरं हाईत. वांगं असंल तिथं वांगं.”

“आन् हे सांडगे?”

“वाळले की उचला.”

बरणीचं झाकण मलप्पांनी जन्मात उघडलं नव्हतं. ते हळूच पायरीवर टेकले. ऊन अजून यायचंच होतं.

एसटी फुफाटा उडवत निघाली. वाकळ मांडीवर घेऊन शिवकांता सासूशेजारी बसली. “मला वाटलं, तुमी मलाच अडवायलाव,” ती म्हणाली. डोळे पुसत ती बसल्या जागी सासूच्या पायांशी वाकली.

पार्वतम्मानं तिचा दंड धरून तिला वर ओढलं.

“पाया मागून पड. आधी खिडकी दे मला. गाडी लागती.”