मागून आलेला शब्द

“सोड!” वहिनी मागून ओरडली.

नणंदेनं सोडलं नाही. ती जाळीजवळ उभी होती, शटल डोक्यावरून चाललं होतं आणि हात आपोआप वर गेला. रॅकेटच्या कडेला लागून शटल जाळीत पडलं. समोरच्या जोडीतल्या उंच मुलीनं तर फटका मारताक्षणीच कपाळावर हात मारून घेतला होता. तिलाही कळलं होतं, शटल बाहेर चाललंय, चांगलं हातभर बाहेर. नणंदेला ते दिसलं, पण रॅकेट वर गेल्यावर.

तिसरा गेम होता, एकवीस-वीस. सोडलं असतं तर खेळ तिथेच संपला असता. सतरा देशांच्या जोड्या आल्या होत्या आणि महिला दुहेरीचं सोनं या दोघींचं झालं असतं. त्याऐवजी एकवीस-एकवीस झालं. पुढचे दोन गुणही गेले. ते कसे गेले, हे नणंदेला धड आठवतसुद्धा नव्हतं.

नणंद-भावजयीची जोडी म्हटल्यावर सुरुवातीला लोक हसायचे. घरात भांडून पोट भरत नाही म्हणून कोर्टावर येता का, असं विचारायचे. दादाचं लग्न ठरलं तेच मुळी क्लबात. बहिणीनं आधी मुलीचा बॅकहँड पाहिला आणि मग मला होकार द्यायला लावला, असं दादा अजून सांगतो. नऊ वर्षं दोघी एकत्र खेळल्या, नणंद पुढे आणि वहिनी मागे. पुढच्या माणसाला मागची रेषा दिसत नाही. म्हणून त्यांचा एकच नियम होता. मागून ‘सोड’ आलं की वळून बघायचं नाही, डोकं चालवायचं नाही, सोडायचं. परदेशी जोड्यांना तो शब्द कळत नाही, याची दोघींना भारी गंमत वाटायची. नऊ वर्षांत तो दोनदा चुकला होता, तोही अर्ध्या बोटानं.

मग आज हात वर का गेला?

नणंदेला कारण माहीत होतं आणि म्हणूनच तिला वहिनीच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी एकोणीस वर्षांची एक डावखुरी खेळाडू तिच्याकडे आली होती. “ताई, पुढच्या मोसमात माझ्याबरोबर खेळाल का?” असं तिनं विचारलं आणि कपातला चहा संपायच्या आत नणंद हो म्हणाली. संघटनेच्या अर्जावर सही करून मोकळी झाली. घरी मात्र अवाक्षर काढलं नाही. वहिनी सदतीस वर्षांची, गुडघ्याला कायम पट्टी, हल्ली जिना उतरतानाही कठडा धरायची. व्यवहार म्हणून बघितलं तर त्यात चूक काही नव्हती. स्पर्धा झाली की सांगू, असं तिनं स्वतःला समजावलं. पण चोराच्या मनात चांदणं. त्या दिवसापासून वहिनीचा प्रत्येक शब्द ती नकळत तपासून घ्यायला लागली होती. जिला मनातून टाकलं, तिच्या शब्दावर आंधळेपणानं हात खाली ठेवणं तिला जमेना.

रुप्याची पदकं गळ्यात पडली, फोटो झाले. खेळाडूंच्या खोलीत वहिनी बाकावर बसून कात्रीनं गुडघ्याची पट्टी कापत होती. पट्टीखालचा गुडघा टम्म सुजला होता. कोर्टावरून आल्यापासून तिनं रागाचा एक शब्द काढला नव्हता. चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं, असं नणंदेला झालं होतं.

“चुकलं माझं, वहिनी.”

“ती बर्फाची पिशवी दे इकडे.”

नणंदेनं दिली. “मला ऐकू आलं होतं. अगदी स्पष्ट.”

“माहितीये. तुला ऐकू आलं की तुझी मान जराशी हलते. नऊ वर्षं मागून तुझी मानच बघतेय मी.”

आता लपवण्यात अर्थ नव्हता. “वहिनी, अजून एक सांगायचंय. पुढच्या मोसमासाठी मी…”

“डावखुरीबरोबर नाव दिलंयस.”

“तुला कुणी सांगितलं?”

“वन्सं,” वहिनी म्हणाली. थट्टा करायची असली की ती अशी हाक मारायची, पण आज तिचे डोळे भरून आले होते. “कुणी कशाला सांगायला हवं? तिला तुझ्याकडे मीच पाठवलं. म्हटलं, माझं नाव घेऊ नकोस, नाहीतर आमची ही बया माझ्यापायी अडकून पडेल. डॉक्टरांनी गुडघ्याला एवढीच स्पर्धा दिली होती गं. वाटलं होतं, सोनं घेऊन येऊ आणि मग हसत हसत तुला सगळं सांगू.”

नणंद मटकन खाली फरशीवरच बसली. तिला हुंदका आवरेना. वहिनीचा हा शेवटचा सामना होता, हे एवढंही तिला माहीत नव्हतं. आणि माहीत असो वा नसो, मागून आलेलं ‘सोड’ ऐकायचं होतं ते तिनंच.

वहिनीनं वाकून तिच्या पाठीवरून हात फिरवला.

“रडू नको. चार महिने रोज त्या पोरीला मागच्या रेषेवर उभी करून तिची नजर तयार केलीय मी. निदान तिचं तरी ऐक.”