वेशीचा बुरूज

शेजारच्या दोन प्रांतांनी वेशीवर मिळून बाजार भरवायचं ठरवलं, आणि त्याआधी तिथला ढासळलेला जुना बुरूज दोन्हीकडच्या कारागिरांनी उभारायचा. पलीकडून दगड आले आणि दगडांबरोबर त्यांची पाथरवट बाई आली. दगड असे घडवलेले, की सांध्यात सुई शिरू नये. इकडच्या मुख्य मिस्त्रींनी ते मनातल्या मनात वाखाणले, पण बोलले भलतंच.

"बाई, हा बुरूज तुमच्याच फौजेनं पाडला होता बरं का. शाळेत शिकलोय आम्ही."

"आम्हीही शिकलोय," बाई हसून म्हणाली. "पण आमच्या धड्यात पुढचंही आहे. ती फौज परत आलीच नाही. इथेच लग्नं करून इथेच रमली."

मजूर गालातल्या गालात हसू लागले. मिस्त्री ओशाळले.

"म्हणजे पाडणारे आमचेच पूर्वज म्हणायचे! मग तुम्ही कोणाचे?"

"त्यांची वाट बघत राहिलेल्या बायकापोरांचे."

मिस्त्रींनी हातातला ओळंबा तिच्यापुढे धरला.

"फार उशीर झाला गं, ताई. पहिला दगड तूच बसव."