निकामी केल्याचा फोटो

"काकू, आधी हे बंद करा," कंपनीचा माणूस म्हणाला. "निकामी करायचंय."

"चालतंय ना? मग निकामी कशाला करायचं?"

तो हातातली पिशवी सावरत बाथरूमच्या दारात उभा राहिला. आत काकूंचं जुनं वॉशिंग मशीन चादरी घुसळत होतं. दाराचं रबर सायकलच्या ट्यूबने सांधलेलं, एका पायाखाली चपलेचा तुकडा, पाठीला पत्र्याचा एक डबा स्क्रूने घट्ट बसवलेला, आणि डब्यावर पातेल्याच्या झाकणाची काळी मूठ. ती मूठ फिरवली की मशीन सुरू व्हायचं. दिसायला अगदीच ध्यान, पण कुरकुर न करता फिरत होतं. नवं मशीन बाहेर पॅसेजमध्ये खोक्यात उभं होतं.

चादरी घरच्या नव्हत्या. जिना झाडणाऱ्या मावशींच्या होत्या. जुनं मशीन त्यांना द्यायचं ठरलं होतं, आणि ते कसं चालतं ते बघायला मावशी सकाळीच गाठोडं घेऊन आल्या होत्या. आता त्या दाराबाहेरच्या पायरीवर बसल्या होत्या, साबणाने फुटलेली बोटं मुठीत लपवून. आत बोलावलं तरी येत नव्हत्या.

"आई, त्यांना त्यांचं काम करू दे," मुलगा सोफ्यावरून म्हणाला. नवं मशीन त्यानेच मागवलं होतं. "जुनं निकामी केलं तरच सवलत मिळते. अटच आहे तशी."

"घेऊन जाणार असाल तर निदान समजू तरी शकते," काकू त्या माणसाला म्हणाल्या.

"नेत नाही आम्ही. नेणं परवडत नाही. आतल्या सर्किट बोर्डाला भोक पाडायचं आणि फोटो पाठवायचा, बस. सांगाडा तुम्हीच ठेवा."

"म्हणजे तुम्हाला नकोय."

"नाही."

"पण दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडलेलंही चालणार नाही."

"ज्याला हे मिळेल, तो मग नवं घेणार नाही ना, काकू." तो हे इतक्या सहज म्हणाला, की जणू साबण कुठल्या कप्प्यात घालायचा तेच समजावून सांगत होता.

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"त्या बाई बसल्यात ना पायरीवर, त्यांच्याकडे बघा जरा. त्या उद्या तुमच्या दुकानात येऊन नवं मशीन घेणार होत्या, असं वाटतं तुम्हाला? हात बघा त्यांचे. आणि चाललात भोकं पाडायला. लाज कशी वाटत नाही कुणाला?"

माणसाने पायरीकडे पाहिलं आणि लगेच नजर पिशवीत घातली. "नियम मी नाही केला, काकू."

"ताई, राहू द्या," मावशी बाहेरूनच म्हणाल्या. "माझ्यापायी वाद नको. चादरी मी तशाच पिळून नेते."

"तुम्ही बसा."

"आई, पुरे ना," मुलगा म्हणाला. त्याने मान खाली घातली आणि मोबाइल वर धरला.

माणसाने मशीनची पिन उपसली. ड्रम डचमळून थांबला. त्याने वरचं झाकण काढलं, पुढच्या बटणांमागचा बोर्ड शोधला आणि ड्रिल लावलं. हिरवा चुरा उडाला. एक भोक पुरे होतं. त्याने खात्रीसाठी शेजारी आणखी एक पाडलं. मग वाकून फोटो काढला, झाकण बसवलं आणि हात झटकले. काकू ओठ आवळून हे सगळं बघत होत्या. पायरीवर मावशी गाठोड्याचं फडकं हातात घेऊन उठल्या होत्या.

"झालं?" काकूंनी विचारलं.

"झालं."

"फोटो गेला?"

"गेला."

काकूंनी पिन पुन्हा लावली. मशीनने एक आचका दिला आणि जिथं थांबलं होतं तिथूनच चादरी घुसळायला लागलं.

माणूस वाकला. त्याने मशीनच्या दाराकडे बघितलं, बटणांकडे बघितलं, आणि मग मागच्या पत्र्याच्या डब्याकडे. "काकू, अहो, बोर्ड तर…"

"बोर्ड कधीचाच मेलाय. डब्यात दुसऱ्या मशीनचा टायमर आहे. भंगारात टाकलेला, मी उचलून आणला."

"मग मेलेला बोर्ड आत कशाला ठेवलात?"

"बटणं त्याच्यावर टेकलीत. काढला तर आत पडतात."

त्याने ड्रिल पुसून पिशवीत टाकलं. "माझं काम फोटोपुरतं," असं पुटपुटत तो नवं खोकं उघडायला पॅसेजमध्ये गेला. मावशी आता पायरीवरून आत आल्या होत्या आणि बाथरूमच्या चौकटीला धरून फिरणाऱ्या चादरींकडे बघत होत्या.

काकू स्वयंपाकघरात गेल्या. मुलगा हसत हसत मागोमाग आला. त्याला हायसं वाटलं होतं.

"कमाल आहे तुझी, आई. सवलतही मिळाली आणि मशीनही वाचलं. पण मग एवढी भांडलीस कशाला? बोर्ड मेलेला आहे हे तुला ठाऊक होतं. गप्प बसली असतीस तरी चाललं असतं."

काकू पेल्यात पाणी ओतत होत्या. त्यांनी तांब्या आपटला, पाणी ओट्यावर सांडलं.

"त्याला कुठं ठाऊक होतं?" त्या म्हणाल्या. "तो तर बोर्ड जिवंत समजूनच भोक पाडत होता."

त्यांनी फडक्याने ओटा पुसला, आणि फडकं पिळता पिळता मुलाकडे पाहिलं.

"तुला तरी कुठं ठाऊक होतं?"