फाटकापर्यंत

डब्लिनमधल्या बागेत सकाळी धावताना हेमंत कारखानीसांना मागून बायकोची किंकाळी ऐकू आली. वळून पाहिलं, तर तीन तरुण सुनेत्राला लाथांनी तुडवत होते. "तुमच्या देशात चालते व्हा," असं ओरडत त्यातला एक लोखंडी गज घेऊन हेमंतांच्या दिशेने सुटला.

हेमंत पळाले.

बावन्नाव्या वर्षी त्यांना पळता येत होतं. रक्तातली साखर वाढल्यावर सुनेत्रानेच त्यांचा भात आणि गोड चहा बंद करून ताटात भाकरी आणि उसळी आणल्या होत्या. वर्षात अठरा किलो उतरले. तिचा गुडघा दुखायचा, म्हणून ती मागून चालत यायची.

गजवाला धापा टाकत मागे पडला. फाटक समोर दिसत होतं. तेवढ्यात तिची दुसरी किंकाळी आली आणि अर्ध्यावरच तुटली.

हेमंत मागे फिरले. गजाचा पहिला घाव खांद्यावर बसला, हाड मोडलेलं त्यांना ऐकू आलं. तरी त्याला आडवा पाडून ते धावत गेले आणि सुनेत्राच्या अंगावर पालथे पडले. मग लाथा त्यांच्या पाठीत बसत राहिल्या. फिरायला आलेली माणसं आरडाओरडा करत धावून आली, तेव्हा कुठे ते तिघे पळाले.

इस्पितळात एक महिला पोलीस जबाब घ्यायला आली. हेमंत खाली मान घालून म्हणाले, "आधी मी हिला टाकून पळालो."

"आणि परत आले," फुटलेल्या ओठांनी सुनेत्रा म्हणाली. "तेवढंच लिहून घ्या."